कोंडलेली हवा, गाळलेली हवा

1938 साली ब्रिटनच्या गृहखात्यानं सामान्य कुटुंबांसाठी एक पुस्तिका काढली. हवाई हल्ला झाला तर घर कसं सांभाळायचं, हा तिचा विषय. तिच्यातला मोठा भाग एका खोलीबद्दल आहे. घरातली एक खोली निवडा. जमिनीच्या फळ्यांमधल्या फटी आणि भिंतींच्या भेगा वर्तमानपत्राच्या लगद्यानं बुजवा. धुराड्यात कागद, चिंध्या, गोणपाट कोंबा. खिडक्यांच्या कडांना कागद चिकटवा, कुलपाचं भोकसुद्धा सोडू नका. दारावर घोंगडी ठोका आणि ती ओली ठेवा. विमानांतून विषारी वायू पडू लागला की सगळ्या कुटुंबानं या खोलीत येऊन बसायचं. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि आठ फूट उंच अशा खोलीत पाच माणसं बारा तास सुरक्षित राहतील, असा भरवसाही पुस्तिकेनं दिला होता.

हे गणित मांडून पाहायला हवं. अशा खोलीत साधारण 22,600 लिटर हवा मावते. स्वस्थ बसलेला मोठा माणूस तासाला 18 ते 20 लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. पाच माणसांचे बारा तासांत होतात अकराशे-बाराशे लिटर, म्हणजे खोलीतल्या हवेच्या सुमारे पाच टक्के. एवढ्या प्रमाणात माणसाला धाप लागते, डोकं ठणकतं, घाम फुटतो, विचार सुचेनासा होतो. मग बारा तासांचा भरवसा कशाच्या जोरावर? खोली पूर्णपणे बंद होणारच नाही, कितीही लगदा भरला तरी थोडी हवा आत-बाहेर करत राहील, या वस्तुस्थितीच्या जोरावर. पण जी फट बाहेरची ताजी हवा आत आणते तीच बाहेरचा वायूही आणते. खोली पक्की बंद केली तर माणसं आपल्याच श्वासानं गुदमरणार, आणि खोली झिरपत राहिली तर विष आत येणार.

घरातल्या सुरक्षित खोलीचा पुढचा सगळा इतिहास या पेचातून सुटण्याचा इतिहास आहे. फिल्टर हा त्यातला निम्माच भाग. तरी त्याची वंशावळ आधी पाहू, कारण ती घरात सुरूच झाली नाही.

ती सुरू झाली खाणीत. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट हा पुढे जगप्रवासी आणि निसर्गशास्त्रज्ञ म्हणून गाजला, पण तरुणपणी तो प्रशियाच्या खाण खात्यात नोकरीला होता. 1799च्या सुमारास त्यानं खाणकामगारांसाठी श्वसनयंत्र तयार केलं. 1854 साली जॉन स्टेनहाउस या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञानं तोंडावर बांधायच्या मुखवट्यात लाकडी कोळशाची भुकटी भरली. कोळसा वायू धरून ठेवतो हे त्याआधीच माहीत होतं, ते तोंडापर्यंत आणलं स्टेनहाउसनं. त्यानंतर आला जॉन टिंडल. अंधाऱ्या खोलीत प्रकाशाचा झोत सोडून हवेतली धूळ दाखवण्याचे त्याचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. हवा कापसातून नेली की झोतातली चमकणारी धूळ नाहीशी होते, हे त्याला दिसलं. 1871 साली लंडनच्या आगबंबवाल्यांसाठी त्यानं जो श्वसनमुखवटा सुचवला त्यात ग्लिसरीननं ओलसर केलेला कापूस होता आणि कोळसाही होता. कापूस धुरातले कण अडवणार, कोळसा वायू शोषणार. आजच्या कुठल्याही गॅसमास्कचं डबडं कापून पाहिलं तर आत हीच जोडी सापडते: कणांसाठी एक थर, वायूसाठी दुसरा. दीडशे वर्षांत साहित्य बदललं, मांडणी बदलली नाही.

कण आणि वायू यांतला हा फरक ज्याला कळला त्याला निम्मा विषय कळला. धूर, धूळ, जंतू, अणुस्फोटानंतरची किरणोत्सारी राख हे कण आहेत. क्लोरीन, अमोनिया, फॉस्जीन हे वायू आहेत. कणांसाठी केलेला उत्तमातला उत्तम फिल्टर वायूच्या रेणूंना अडवू शकत नाही. आजही बाजारात हवाशुद्धीकरण यंत्र घेणाऱ्यांना हे कुणी धड सांगत नाही, आणि मला ते अक्षम्य वाटतं.

पहिल्या महायुद्धात, 22 एप्रिल 1915 रोजी, बेल्जियममध्ये ईप्र गावाजवळ जर्मन सैन्यानं हजारो नळकांड्यांतून दीडशे टनांहून अधिक क्लोरीन सोडला. चारच दिवसांनी हिंदुस्थानी सैन्याची लाहोर डिव्हिजन त्याच आघाडीवर उतरली आणि तिच्याही वाट्याला हा वायू आला. 26 एप्रिलला आपल्या सैनिकांना एकत्र ठेवणारा, जखमींना मागे आणणारा जमादार मीर दस्त व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी ठरला. त्या दिवशी या सैनिकांकडे कसलाही मुखवटा नव्हता. ओल्या फडक्यावर, पागोट्याच्या टोकावर भागवावं लागलं.

त्या दिवसांत जॉन स्कॉट हाल्डेन हा शरीरशास्त्रज्ञ तातडीनं फ्रान्सला गेला. खाणीतल्या विषारी हवेचा अभ्यास करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. बंद कोठडीत क्लोरीन सोडून तो स्वतः आत बसला, आणि त्याचा मुलगाही या प्रयोगांत सामील झाला. हा मुलगा म्हणजे जे. बी. एस. हाल्डेन, जो 1957 साली भारतात आला आणि भुवनेश्वरला वारला. या धडपडीतून सोड्यात आणि फोटो धुण्याच्या ‘हायपो’त भिजवलेल्या कापसाच्या गाद्या निघाल्या. क्लोरीनपुरत्या त्या चालल्या. फॉस्जीन आला तेव्हा त्या अपुऱ्या पडल्या आणि सगळे पुन्हा कोळशाकडे वळले. रशियात निकोलाय झेलिन्स्कीनं 1915 सालीच सक्रिय कोळशाचा मुखवटा सिद्ध केला होता.

सक्रिय कोळसा म्हणजे जास्त उष्णतेवर वाफेनं किंवा रसायनानं आतून पोखरलेला कोळसा. त्याच्या एका ग्रॅमच्या आतल्या सूक्ष्म छिद्रांचे पृष्ठभाग मोजले तर ते हजार चौरस मीटरच्या घरात जातात, आणि त्या पृष्ठभागांवर वायूचे रेणू चिकटून बसतात. त्यासाठी कोळसा घट्ट, टणक हवा. सगळ्यांत चांगला ठरला नारळाच्या करवंटीचा. अमेरिकेत करवंट्या पुरेना झाल्या तेव्हा 1918 साली सरकारनं लोकांकडे पीच, जर्दाळू, प्लम यांच्या बिया आणि अक्रोडाची टरफलं मागितली. दोनशे पीचच्या बिया किंवा सात पौंड टरफलं म्हणजे एका मुखवट्याचा कोळसा, असं भित्तिपत्रकांवर छापलं होतं. शाळेतली मुलं या बिया पिंपांत गोळा करत होती. आजही जगातला उत्तम सक्रिय कोळसा मोठ्या प्रमाणावर करवंटीचाच असतो, आणि तो श्रीलंका, फिलिपाइन्स आणि आपल्या दक्षिणेत बनतो. आपल्या कोकणात चुलीत जाणाऱ्या करवंटीची ही दुसरी वाट आहे.

युद्धानंतर विमानं लांब उडू लागली आणि वायूची भीती खंदकातून घरात आली. सप्टेंबर 1938मध्ये म्युनिकच्या पेचप्रसंगापर्यंत ब्रिटिश सरकारनं सुमारे 3 कोटी 80 लाख गॅसमास्क वाटले होते. पण झोपताना, मूल पाजताना, म्हाताऱ्या आईला सांभाळताना माणूस बारा तास मुखवटा घालून राहू शकत नाही. म्हणून ती लगदा-घोंगडीची खोली.

त्या खोलीवर पहिला शास्त्रीय हल्ला घरातूनच झाला. केंब्रिजमधल्या युद्धविरोधी शास्त्रज्ञांच्या एका गटानं, ज्यात जे. डी. बर्नाल हा भौतिकशास्त्रज्ञ होता, पुस्तिकेच्याही आधी, 1937 साली, तशाच सरकारी सल्ल्याची परीक्षा घेतली होती. सूचनांप्रमाणे खोल्या बंद केल्या, आत कार्बन डायऑक्साइड सोडला आणि तो किती वेगानं ओसरतो ते मोजलं. आतून वायू जितक्या वेगानं बाहेर जातो तितक्याच वेगानं बाहेरचा आत येणार, इतकं ते सरळ होतं. निष्कर्ष असा निघाला की सामान्य घरातली खोली, आणि त्यातही गरिबांच्या घरातली, पुरेशी बंद होतच नाही. सरकार चिडलं, वाद झडले. मला या प्रयोगाचं मोल फार वाटतं. खोली सुरक्षित आहे का, हा प्रश्न त्यांनी भावनेतून काढून मोजमापात आणला, आणि सुरक्षेचा भार भिंतीच्या दर्जावर, म्हणजे घरभाड्यावर, पडतो हेही दाखवून दिलं.

याच काळात, कुणाच्या फारसं लक्षात न येता, पेचाचं उत्तर एका वेगळ्याच वस्तूत तयार झालं होतं. दोन वर्षांखालच्या मुलांना मुखवटा बसत नाही. त्यांच्यासाठी ब्रिटननं एक मोठं शिरस्त्राण काढलं. त्यात बाळाचं डोकं, हात आणि अंगाचा वरचा भाग जाई, कमरेपाशी ते बांधायचं आणि समोर काचेसारखी खिडकी. बाजूला फिल्टर आणि हातभाता. आईनं भाता मारत राहायचं, म्हणजे गाळलेली हवा आत जात राहते.

साध्या मुखवट्यात माणूस श्वास आत ओढतो तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. गालापाशी, हनुवटीखाली जिथं फट असेल तिथून बाहेरची हवा आत खेचली जाते. बाळाच्या शिरस्त्राणात उलटं होतं. भात्यामुळे आतला दाब किंचित जास्त राहतो, आणि फट असली तरी हवा आतून बाहेर जाते. फट बुजवावी लागत नाही, फक्त तिची दिशा फिरवावी लागते. आईचा हात थांबला की मात्र सगळं थांबतं, आणि या भीतीनं अनेक आयांना ती वस्तू नकोशी झाली. पण अणुयुगातल्या आश्रयखोल्यांचं तत्त्व ह्या भात्यात पूर्णपणे आलेलं आहे.

दरम्यान कणांच्या फिल्टरची एक वेगळी आणि दुःखद कहाणी घडत होती. विषारी धूर अडवायला साधा कापूस पुरत नव्हता. त्यासाठी अतिसूक्ष्म तंतू हवे होते आणि ते मिळाले ॲस्बेस्टॉसमध्ये. ब्रिटनमध्ये ब्लॅकबर्न आणि नॉटिंगहॅमच्या कारखान्यांत बायकांनी निळ्या ॲस्बेस्टॉसचे फिल्टर भरले. दशकं उलटल्यावर त्यांच्यात मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग मोठ्या प्रमाणात आढळला. ज्या विषारी धुरासाठी हे फिल्टर केले तो ब्रिटनच्या शहरांवर कधीच पडला नाही. त्या बायकांची आठवण या मागोव्यात ठेवली नाही तर तो खोटा ठरेल.

जर्मन मुखवट्यांतल्या ॲस्बेस्टॉसमिश्रित कागदाची नक्कल करत अमेरिकनांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अतिशय कार्यक्षम फिल्टरकागद बनवला. अर्विंग लँगम्यूर या रसायनशास्त्रज्ञानं त्याचं शास्त्र मांडलं. असा फिल्टर चाळणीसारखा काम करत नाही. मोठे कण जडपणामुळे वळणावर तंतूंवर आदळतात. अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात इकडेतिकडे भरकटतात आणि तंतूंना चिकटतात. अवघड असतात ते मधले, सुमारे 0.3 मायक्रॉनचे, ज्यांना यांतली कुठलीच युक्ती नीट लागू पडत नाही. म्हणून परीक्षा याच आकारावर घेतात आणि 99.97 टक्के कण अडले तर त्या फिल्टरला हेपा म्हणतात. अणुप्रयोगशाळांतून तो आधी बाहेर पडला, मग शस्त्रक्रियागृहात, मग घरात आला. ॲस्बेस्टॉसची जागा नंतर काचतंतूंनी घेतली.

शीतयुद्धात आश्रयखोलीचे दोन रस्ते फुटले. अमेरिकेनं घरमालकाला पुस्तिका दिली आणि तळघर बांधायचं त्याच्यावर सोडलं. ओक रिज प्रयोगशाळेतल्या क्रेसन कर्नीनं मात्र या प्रश्नाकडे फार वेगळ्या नजरेनं पाहिलं. गच्च भरलेल्या तळघरात माणसांना आधी मारेल ती उष्णता आणि दमटपणा, असं त्याचं निरीक्षण होतं. जवळपास पडणारी किरणोत्सारी राख वाळूसारखी जड असते. हवा आत घेणाऱ्या नळीचं तोंड खाली ठेवलं तरी बहुतेक राख बाहेर राहते. म्हणून बारीक फिल्टरपेक्षा भरपूर हवा महत्त्वाची. 1960च्या दशकात त्यानं एक पंप बनवला. दाराच्या चौकटीत वरून बिजागरीवर टांगलेली लाकडी चौकट, तिच्यावर जाळी आणि प्लॅस्टिकच्या झापा. दोरी ओढली की झापा मिटतात आणि हवा ढकलली जाते, सोडली की उघडतात. आपल्याकडच्या कचेऱ्यांत आणि बंगल्यांत पूर्वी छताला टांगलेला दोरीचा पंखा हेच त्याचं मूळ, आणि त्यानं आधी पंपाला पंख्याचंच नाव दिलं होतं. ज्या पंखेवाल्यांनी उन्हाळाभर साहेबासाठी दोरी ओढली त्यांची कला अणुयुद्धाच्या तयारीत पोचली.

स्वित्झर्लंडनं दुसरा रस्ता धरला. 1963च्या कायद्यानं नव्या घरात आश्रयखोली बांधणं बंधनकारक झालं, आणि आज तिथं जवळपास सगळ्या लोकसंख्येला पुरेल इतक्या जागा आहेत. खोलीत हवा घेण्याच्या नळीवर स्फोटाचा दाब लागताच मिटणारी झडप असते, तिच्यामागे धुळीचा आणि कोळशाचा फिल्टर, मग विजेचा पंखा. वीज गेली तर त्याच पंख्याला हातानं फिरवायचा दांडा जोडलेला असतो. प्रत्येक माणसामागे साध्या स्थितीत तासाला सहा घनमीटर हवा आणि फिल्टर जोडल्यावर तीन. तीन घनमीटरमध्ये कार्बन डायऑक्साइड सुमारे 0.6 टक्क्यांवर थांबतो. ताजंतवानं वाटणार नाही, पण माणूस दिवसेंदिवस तगतो. आणि खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहतो. दारातून हवा झिरपते ती बाहेरच्या दिशेनं. ब्रिटिश बाळाच्या शिरस्त्राणाचं हे मोठं रूप आहे, फक्त इथं दांडा फिरवायला पाळी लावलेली असते.

1991च्या आखाती युद्धात इस्राएल अजून 1938च्याच टप्प्यावर होता. वायू हवेपेक्षा जड असल्यानं तळघरात साचेल, म्हणून लोकांना वरच्या मजल्यावरची एक खोली प्लॅस्टिक आणि चिकटपट्टीनं बंद करायला सांगितलं. दाराच्या फटीला ओला टॉवेल आणि तोंडाला मुखवटा. लोद, रामले, बेरशेबा, अश्दोदमध्ये स्थायिक झालेली, कोकणातून गेलेली बेने इस्राएल कुटुंबं अशाच खोल्यांत बसली होती. क्षेपणास्त्रांत रसायनं नव्हती. तरी मुखवट्याच्या फिल्टरवरचं बूच काढायला विसरल्यानं काही माणसं गुदमरून दगावली. पुढच्याच वर्षी नियम झाला की प्रत्येक नव्या घरात काँक्रीटची, पोलादी दार-खिडकीची संरक्षित खोली हवी.

या सगळ्याकडे पाहताना भोपाळ मनातून जात नाही. 2 आणि 3 डिसेंबर 1984च्या मधल्या रात्री सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडलं. हा वायू हवेहून जड आणि पाण्याशी प्रक्रिया करणारा. कारखान्याच्या कुंपणालगतच्या झोपड्यांना बंद करण्यासारखी खोलीच नव्हती. माणसं धावत सुटली आणि धावताना जास्त श्वास ओढत राहिली. तोंडावर ओलं फडकं धरा, एवढंही त्यांना आधी कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याच महिन्यात उरलेला साठा निकामी करण्यासाठी 16 डिसेंबरपासून कारखाना पुन्हा चालवला गेला, तेव्हा कुंपणावर ओलं कापड टांगलं होतं आणि हेलिकॉप्टरमधून पाणी फवारलं जात होतं. ओल्या घोंगडीची युक्ती राज्ययंत्रणेला ठाऊक होती. ती कारखान्याभोवती लावली गेली, आणि दोन आठवडे उशिरा.

2020 साली अमेरिकेत रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेन्थल यांनी चार-पाच चौकोनी फिल्टर, एक पेटीपंखा आणि चिकटपट्टी यांतून घरगुती हवाशुद्धीकरण यंत्र बनवलं. वणव्याच्या धुरात आणि साथीत त्यानं हजारो खोल्यांना खरा आधार दिला. पण ते कणांपुरतं आहे. क्लोरीनसमोर ते काहीच करत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न माहुल, तारापूर, डोंबिवली, रोहा, लोटे इथल्या कारखान्यांच्या शेजारच्या घरांचा आहे. तिथं स्विस दांडा येणार नाही. पण झिरपणारी खोलीसुद्धा थोड्या वेळासाठी उपयोगी पडते, हे केंब्रिजच्या मोजमापातूनच निघतं. वायूचा ढग अर्ध्या-पाऊण तासात पुढे सरकत असेल तर बंद खोलीत त्याचं प्रमाण हळूहळू चढतं आणि बाहेरच्यापेक्षा बरंच कमी राहतं. म्हणून इशारा मिळताच आत जायचं, जमेल तर वरच्या मजल्यावर. एक्झॉस्ट फॅन आणि एसी बंद करायचे, कारण एक्झॉस्ट फॅन खोलीतला दाब कमी करून प्रत्येक फटीतून बाहेरची हवा ओढतो. फटींना ओले टॉवेल, नाकातोंडावर ओलं फडकं. शेगडी किंवा मेणबत्ती पेटवायची नाही. शेगडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड ओल्या फडक्यानं अडत नाही, कोळशानंही नाही.

आणि ढग गेला की लगेच सगळ्या खिडक्या उघडायच्या, पंखे लावायचे, बाहेर यायचं. हवा जशी हळूहळू आत आली तशीच हळूहळू बाहेर जाते, त्यामुळे त्या घडीला घरातली हवा बाहेरच्यापेक्षा वाईट असते. हा दुसरा इशारा पहिल्याइतकाच जीव वाचवणारा आहे आणि तो बहुतेक ठिकाणी दिलाच जात नाही. 1989च्या घातक रसायनांच्या नियमांनुसार अपघाताची झळ ज्यांना पोचू शकते त्या रहिवाशांना धोका कोणता आणि त्या वेळी काय करायचं, काय टाळायचं, हे आधी सांगणं बंधनकारक आहे. कारखान्याच्या भिंतीबाहेरच्या प्रत्येक घरात मराठी आणि हिंदीत छापलेलं ते एक पान असायला हवं, आणि त्यावर दोन भोंग्यांची वेगळी खूण हवी: एक खिडक्या लावण्याची, एक उघडण्याची.